आजचा कोन

फिजिओथेरपीच्या कामात पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी माणूस विचारतो, 'कधी बरं होणार?' कन्नड माणूस विचारतो, 'यावाग सरि होगुत्ते?' इंजिनियर असेल तर तो सरळ टाइमलाइन मागतो. कुठं दुखतं, कसं दुखतं, रात्री झोप लागते का, हे मला खोदून खोदून विचारावं लागतं. 'कधी' मात्र न विचारता येतं.

मी मूळची बेळगावची. शिक्षण तिथंच झालं. लग्नानंतर बंगळूरला आले आणि तेव्हापासून एचएसआर लेआउट आणि आसपासच्या भागात काम करते आहे. आधी एका छोट्या क्लिनिकमध्ये होते, आता स्कूटरवरून घरोघरी जाते. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेला हा लेआउट सात सेक्टरांत वाटलेला आहे. एका बाजूला आगरा तळं, दुसऱ्या बाजूला बोम्मनहळ्ळी आणि कोपऱ्यावर सिल्क बोर्डचा चौक. इथं स्टार्टअपवाली तरुण मंडळी राहतात. त्यांनी सोलापूर, अकोला, धारवाड, कानपूरहून आणलेले आईवडील राहतात. त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बायका आणि फाटकाशी उभे राहणारे वॉचमनही जवळच कुठंतरी राहतात. या सगळ्यांचे सांधे माझ्या हाताखालून गेले आहेत.

योगाचे क्लास आणि ध्यानाची अॅप यांना या भागात तोटा नाही. 'वर्तमानात जगा' हा उपदेश इथं फुकट मिळतो. मला तो उपदेशातून कधी कळला नाही, कामातून कळला. आणि जे कळलं ते ऐकायला फारसं गोड नाही.

आमच्या पिशवीत गोनिओमीटर नावाचं एक साधन असतं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात, तसं ते दिसतं. गुडघा किती वाकतो, खांदा किती वर जातो, हे त्यानं मोजायचं आणि वहीत लिहायचं. चालताना पाऊल उचलायला गुडघा साधारण साठ-पासष्ट अंश वाकावा लागतो, जिना चढायला ऐंशी-नव्वद, खुर्चीतून सहज उठायला नव्वदच्या आसपास. पाटावर मांडी घालून बसायचं तर त्याहून बरंच जास्त. ताकद मोजायलाही शून्य ते पाच अशी श्रेणी असते. शून्य म्हणजे स्नायू हलतच नाही. एक म्हणजे हाताला नुसतं स्फुरण जाणवतं, पण हालचाल नाही. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो. पाच म्हणजे पूर्ण ताकद.

शिकत होतो तेव्हा सरांचा एक दंडक होता. मोजमाप करताना पेशंटच्या चेहऱ्याकडं बघायचं नाही. कारण त्याची आशा बघून हात दोन अंश जास्त लिहितो आणि त्याची निराशा बघून दोन अंश कमी. आज जे आहे तेच लिही. तेव्हा ही मला नुसती तांत्रिक सूचना वाटली होती. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की पेशंटनं, त्याच्या घरच्यांनी आणि मीही शिकायचं ते एवढंच आहे. फक्त ते फार अवघड आहे.

क्लिनिकमध्ये एकदा चाळिशीतला एक सॉफ्टवेअरवाला आला. फ्रोझन शोल्डर होता, सोबत मधुमेहही. मधुमेह्यांना हे दुखणं जास्त होतं. खांद्याभोवतीचं आवरण सुजतं, मग आक्रसतं, मग हळूहळू सुटतं. या तीन टप्प्यांना मिळून वर्ष लागतं, कधी दोन-तीनही. मी हे सांगितल्यावर तो हसला. पुढच्या वेळी त्यानं लॅपटॉपवर तक्ता आणला. एका रेषेवर दर आठवड्याचं उद्दिष्ट, दुसऱ्या रेषेवर प्रत्यक्ष कोन. दोन रेषांमधली फट वाढली की तो घरी जाऊन खांदा ताणायचा, रात्री दुखून जागा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी कोन आणखी कमी भरायचा. दुखऱ्या टप्प्यात जबरदस्ती केली की हा खांदा आणखी चिडतो, हे त्याला सांगून पटत नव्हतं.

शेवटी मी त्याला एक विनंती केली. तक्ता ठेवा, फक्त उद्दिष्टाची रेषा पुसा. ती त्याच्या ऑफिसनं आखली नव्हती, मीही आखली नव्हती आणि खांद्याला तर तिचा पत्ताच नव्हता. नाखुशीनं त्यानं पुसली. मग आमचं बोलणं बदललं. आज खांदा एवढाच जातो, तर आज शर्ट कसा घालायचा? दुखऱ्या हाताची बाही आधी चढवायची आणि काढताना तो हात शेवटी सोडवायचा. आज मागचा खिसा गाठत नाही, तर पाकीट पुढच्या खिशात. आज त्या कुशीवर झोपता येत नाही, तर काखेत उशी. खांदा सुटायचा तेव्हाच सुटला, माझ्या कौशल्यानं तो फार लवकर सुटला असा माझा दावा नाही. पण मधले महिने त्या माणसानं झोपेत आणि कामात काढले, खांद्याशी भांडण्यात नाही. एवढा फरक पडला आणि तो थोडका नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाची माणसंही भेटतात आणि आपल्या लोकांत ती जास्त भेटतात. गुडघा बदललेल्या एक काकू होत्या. मुलाकडं नवव्या मजल्यावर राहायच्या. ऑपरेशन उत्तम झालं होतं, जखम भरली होती, पण गुडघा सत्तरच्या पुढं वाकत नव्हता आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. 'असू दे गं बाळ. आता वय झालं. जे आहे ते गोड मानून घ्यायचं.' घरात सगळे म्हणायचे, आई किती समाधानी आहेत! मलाही आधी तसंच वाटलं. मग एक दिवस मी व्यायाम बाजूला ठेवून नुसत्या गप्पा मारल्या. काकूंना गावाकडच्या घराची आठवण येत होती. इथं लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तरी बोलायला भाषा नाही, खाली उतरावं तर कशासाठी, आणि सूनबाईंना ऑफिस सोडून आपल्यामागं फिरावं लागेल ही धास्ती. गुडघा त्यांनी स्वीकारला नव्हता. त्यांनी त्याचा विचारच सोडून दिला होता.

योगायोगानं त्याच सेक्टरच्या बागेत संध्याकाळी तीन-चार मराठी बायका बसायच्या. एक पुण्याची, एक निपाणीची. मी काकूंना त्यांच्यापुढं नेऊन बसवलं. बागेतला बाक बुटका होता. त्यावरून उठायला सत्तर अंश पुरेनात. दुसऱ्या दिवशी काकूंनीच विचारलं, 'आज किती भरला?' त्याआधी त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

या दोघांमुळं माझा एक समज पक्का झाला. 'मी असा नाहीच' म्हणणारा आणि 'मी आता असाच' म्हणणारा, दोघंही आजच्या दिवसात नसतात. पहिला कालच्या शरीरात राहतो, दुसरा उद्याचा निकाल आजच लावून मोकळा होतो. वहीतला सत्तरचा आकडा यांपैकी काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, आज सत्तर. उद्याबद्दल तो चांगलं बोलत नाही, वाईटही बोलत नाही. स्वीकार म्हणजे इतकाच: आजचा आकडा खरा मानायचा आणि त्याला आजच्यापुरताच ठेवायचा.

पार्किन्सनच्या पेशंटनी मला हेच वेगळ्या तऱ्हेनं दाखवलं. या आजारात माणूस चालता चालता मध्येच थिजतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. विशेषतः दार आलं, वळण आलं, घाई झाली की हमखास. बँकेतून निवृत्त झालेले एक काका बेडरूममधून हॉलमध्ये येताना उंबऱ्याशी रोज अडकायचे. दार दिसलं की त्यांच्या मनात आधीच यायचं, 'आता अडकणार', आणि ते अडकायचे. या थिजण्यावर एक जुना, साधा उपाय आहे. जमिनीवर पावलाच्या अंतरानं आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या आणि पेशंटला सांगायचं, दाराकडं बघू नका, पुढच्या पट्टीवर पाय टाका. आम्ही पॅसेजमध्ये पिवळी टेप लावली. काका पट्टी ओलांडत ओलांडत दारातून पार झाले आणि पलीकडं गेल्यावर मागं वळून दाराकडं बघत राहिले. आजार गेला नाही, तो जात नसतो. औषधाचा अंमल उतरला की पट्ट्याही काही वेळा पुरत नसत. पण 'दार' या गोष्टीचे सुटे सुटे भाग करून त्यातला एकच भाग आत्ता करायचा, हे त्यांच्या पायांना समजलं होतं.

दुखण्याबद्दल मात्र जपून बोलायला हवं. जुनाट वेदनेत स्वीकाराचा उपयोग होतो, हे आता वैद्यकातही मान्य आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानावर आधारलेला उपक्रम सुरू केला, त्यात जुन्या दुखण्यांनी गांजलेले पेशंट असत. ब्रह्मदेशात राहणारे सत्यनारायण गोयंका हे अर्धशिशीनं हैराण होऊन 1955 मध्ये रंगूनमध्येच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं विपश्यना शिकायला गेले. पुढं आपल्याकडं इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून त्यांची शिबिरं सुरू झाली. माझे काही पेशंट दहा दिवसांचं शिबिर करून येतात. वेदना दूर उभं राहून बघायची म्हणजे काय, ते त्यांना कळलेलं असतं. पाठ दुखते म्हणजे पाठ मोडली असं नव्हे, हे त्यांना मला पुन्हा समजवावं लागत नाही. ते व्यायामाला घाबरत नाहीत.

पण त्यांतलाच एखादा, पोटरी अचानक सुजून लाल झालेली असताना 'मी नुसतं बघतोय' म्हणाला, तर मी त्याला हाताला धरून हॉस्पिटलात पाठवते. पोटरीत रक्ताची गाठ असू शकते. पाठदुखीबरोबर मांडीच्या आतल्या भागाला बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, पाय एकाएकी लुळा पडू लागला, तर तो प्रसंग डोळे मिटून बसायचा नाही, गाडी काढायचा आहे. वर्तमान मान्य करायचं ते नीट बघता यावं म्हणून. बघून झाल्यावर धावायचं असेल तर धावायचंच.

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि माझं काम एका रात्रीत थांबलं. हात लावणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना हात लावायची बंदी. पहिले काही दिवस सगळं पूर्ववत होईल याची वाट बघण्यात गेले. मग पेशंटच फोन करू लागले. मोबाइल भिंतीला टेकवून व्यायाम घ्यायचे ते दिवस. गोनिओमीटर निरुपयोगी झाला. टाच भिंतीपासून किती वीत लांब, हात दाराच्या कितव्या कडीपर्यंत जातो, अशी मोजमापं आम्ही शोधली. हात लावता येत नव्हता म्हणून मी नीट बघायला शिकले. उठताना आजोबा आधी कुठल्या हातावर भार देतात, श्वास कुठं रोखतात, हे आधी माझे हातच ठरवून टाकायचे. आता डोळ्यांना बघावं लागलं.

ते शिकणं लवकरच उपयोगी पडलं, कारण मग माझा अंगठाच गेला. फिजिओथेरपिस्टच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजणं, दुखणं हा आमचा व्यावसायिक आजार आहे. वर्षानुवर्षं त्याच सांध्यावर जोर देऊन काम केलं जातं. बरणीचं झाकण उघडेना, स्कूटरचा ब्रेक दाबताना कळ यायला लागली. पेशंटना जे बोलत होते ते आता स्वतःला ऐकवायची पाळी आली आणि स्वतःच्या तोंडून ते फारसं पटलं नाही, हेही सांगून टाकते. रागच यायचा. नवऱ्यानं एका संध्याकाळी विचारलं, 'अंगठ्याशिवाय तुला काय काय येतं?' प्रश्न खोचक होता, पण मी कागद घेऊन लिहीत बसले. कोपरानं दाब देता येतो. पट्टा, बॉल, टॉवेल वापरता येतो. पेशंटला स्वतःच स्वतःचा सांधा हलवायला शिकवता येतं. आणि समजावून सांगता येतं. माझी पद्धत तिथून बदलली. हात कमी, बोलणं जास्त. पेशंट आधी कुरकुरले. 'मॅडम, मसाज नाही?' असं विचारू लागले. पण स्वतः करायला शिकलेला पेशंट मी गेल्यावरही करत राहतो. माझ्या अंगठ्यानं दाबलेला करत नव्हता.

रस्त्यावर तर या शहरात रोज परीक्षा असते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या कार्यालयावरून ज्याला सिल्क बोर्ड म्हणतात त्या चौकात कितीतरी संध्याकाळी गेल्या. 2024 मध्ये रागीगुड्ड्याकडून दुमजली पूल झाला, 2025 च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी लाइन सुरू झाली, तरी माझी स्कूटर खालीच असते. तिथं अडकल्यावर दीर्घ श्वास घ्यावा असं सगळे सांगतात. त्या धुरात मी तरी तो घेत नाही. मी एवढंच केलं, चार वाजता येते असं सांगणं बंद केलं. 'चार ते साडेचार' असं सांगू लागले. हा रस्ता असा आहे हे मान्य केलं आणि वेळापत्रक त्याप्रमाणं लिहिलं. शांत होण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं, आणि त्यामुळं आपोआप थोडी शांतही झाले.

2022 च्या सप्टेंबरात एका रात्रीत 130 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आगरा तळ्याचं पाणी राजकालुव्यांतून, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या मोठ्या नाल्यांतून, बेळ्ळंदूर तळ्याकडं जातं. त्या वाटा ठिकठिकाणी बुजलेल्या होत्या, म्हणून पाणी रस्त्यांत आणि तळमजल्यांत आलं. माणसं ट्रॅक्टरवरून, होड्यांतून बाहेर काढावी लागली. पक्षाघात झालेले माझे एक आजोबा तळमजल्यावर होते. त्यांना खुर्चीसकट वर शेजाऱ्यांकडं नेलं. रुग्णशय्या खालीच भिजली. पाणी ओसरल्यावर गेले तर आजोबा शेजाऱ्यांच्या मऊ सोफ्यावर रुतून बसलेले. सून रडवेली झाली होती, व्यायाम चुकले म्हणून. मऊ सोफ्यावर तोल सांभाळणं हाच मुळात कडक बिछान्यापेक्षा अवघड व्यायाम. आम्ही तोच केला. राजकालुवे बुजवणाऱ्यांना मात्र यातून माफी मिळत नाही. पाण्यात उभं राहून तोल सांभाळणं वेगळं आणि पाणी का आलं हे विचारणं वेगळं. दोन्ही करावं लागतं.

शेवटची गोष्ट मला घरकाम करणाऱ्या बायकांनी शिकवली. पाच-सहा घरांत वाकून फरशी पुसणारी एक अक्का कंबरदुखी घेऊन आली. तिला मी काय सांगणार? विश्रांती घे म्हणावं तर पगार कापला जातो. वेदनेकडं साक्षीभावानं बघ म्हणावं, तर माझीच मला लाज वाटेल. तिचं वर्तमान मान्य करायचं म्हणजे तिच्या हातातलं आखूड फडकं मान्य करायचं, आणि मग ते बदलायचं. मी तिच्या दोन मालकिणींना फोन केला. दोघी माझ्याच पेशंट. लांब दांड्याचा मॉप आला, बादली स्टुलावर गेली, आणि मग मी शिकवलेले व्यायाम लागू पडले. बारा-बारा तास उभे राहणारे वॉचमन टाचा दुखतात म्हणून येतात, त्यांनाही व्यायामाआधी खुर्ची लागते. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानांतल्या नोकरांना बसायचा हक्क कायद्यानं दिला. ज्याच्या हातात परिस्थिती बदलण्याचं काही नाही, त्याला स्वीकार शिकवणं सोपं असतं. ज्याच्या हातात आहे त्यानं तो आधी स्वतः शिकावा: माझ्या दाराशी माणूस बारा तास उभा आहे, हे खरं आहे.

घरात कुणी दुखण्यातून उठत असेल, तर एक वही करा. रोज त्यात आजचं मोजमाप लिहा: किती पावलं, किती पायऱ्या, हात कुठल्या फळीपर्यंत. शेजारी उद्दिष्ट लिहू नका, काल किती होतं तेही मोठ्यानं वाचून दाखवू नका. पेशंट असमाधानी असेल तर त्याला आजचं दाखवा. फार समाधानी असेल तर जवळ बसून कारण विचारा. आणि चांगले पाच-सहा आठवडे आकडा जागचा हललाच नाही, तर तेही सत्य म्हणून मान्य करा आणि उपचार बदला. गरज पडली तर फिजिओथेरपिस्टही बदला. मीही त्याला अपवाद नाही.